माझ्या ड्रॉवरमधली वही

प्रति,
सरकारी पोर्टलांचं लॉगिन कसं असावं हे ठरवणारे अधिकारी, त्यांचे सल्लागार आणि ती पानं प्रत्यक्ष बनवणारे इंजिनिअर यांस,

स. न. वि. वि.

माझ्या टेबलाच्या डाव्या ड्रॉवरमध्ये एक दोनशे पानी लाँगबुक आहे. ड्रॉवरला कुलूप आहे आणि त्याची किल्ली माझ्या गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात. वहीत आमच्या गावातल्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या लोकांचे युजरनेम आणि पासवर्ड लिहिलेत. ही तिसरी वही. पहिल्या दोन भरल्या. त्या फेकायच्या कशा हे कळेना, म्हणून घरी माळ्यावर ट्रंकेत ठेवल्यात.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात सेवा केंद्र चालवतो. लोक त्याला अजून सेतूच म्हणतात. बीसीए झाल्यावर पुण्यात एका कंपनीत दीड वर्ष सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, मग वडील आजारी पडले आणि परत आलो. म्हणजे तुमच्या शेजारच्या खुर्चीत मी थोडा वेळ बसलेलो आहे. काउंटरवर बसून मात्र अकरा वर्षं झाली. म्हणून हे पत्र लिहायचं धाडस करतो.

आधी वहीतलं एक पान वाचून दाखवतो. नाव सांगत नाही. घरात पाच माणसं. वडिलांची तीन लॉगिन: शेती योजनांचं, पीक विम्याचं आणि डिजिटल सातबाऱ्याचं. थोरली मुलगी कॉलेजात, तिची चार: शिष्यवृत्ती, प्रवेश परीक्षा, विद्यापीठ, वसतिगृह. धाकट्याचं अकरावी प्रवेशाचं एक. आईचं एका योजनेचं एक. मोठा मुलगा चाकणला कंपनीत, त्याचं पीएफचं एक आणि दोन वेगवेगळ्या भरत्यांची दोन. घराला मिळून 'आपले सरकार'चं एक. शिवाय आई सोडून चौघांची डिजिलॉकरं. बेरीज सतरा. या सतराही ठिकाणी माणसं तीच, आधार क्रमांक तेच, रेशनकार्ड एकच, पत्ता एकच.

आणि पासवर्ड? तोही बहुतेक ठिकाणी एकच. गावाचं नाव, मग @, मग १२३. पहिलं अक्षर मोठं. कारण प्रत्येक पोर्टल एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह मागतं, आणि गर्दीच्या दिवशी माणसाला याहून वेगळं काही सुचत नाही. एका खात्याचं पोर्टल दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावायचं. त्या पानावर १२३ खोडून १२४, ते खोडून १२५, असं करत १३१ पर्यंत आलेलं आहे. अमेरिकेत अशा गोष्टींची मानकं ठरवणाऱ्या निस्ट या संस्थेनं २०१७ मध्येच लिहून ठेवलं की विनाकारण ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, लोक शेपटाचा आकडा तेवढा बदलतात. निस्टवाल्यांनी माझी वही पाहिलेली नाही, पण अचूक ओळखली.

तुमच्या बैठकांमध्ये ज्याला 'सिंगल साइन-ऑन' म्हणतात, म्हणजे माणसानं एकदाच ओळख पटवायची आणि मग सगळ्या पोर्टलांची दारं त्याला उघडी, ती सोय आमच्या गावात कधीच आलेली आहे. ती सोय म्हणजे मी. माणूस येतो, खुर्चीत बसतो, म्हणतो, "सर, आमचं तेवढं बघा." मी तोंड ओळखतो, पान उघडतो, आणि सतरापैकी जे हवं त्या दारातून त्याला आत नेतो. पासवर्ड त्याला माहीत नसतो. बऱ्याचदा आपलं असं काही खातं आहे हेही त्याला माहीत नसतं.

यात मी काही मोठेपणा मिरवत नाही. मला भीती वाटते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी आहे: दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सही लबाडीनं वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मी लबाडी करत नाही. पण उद्या कुणाच्या खात्यात काही इकडचं तिकडं झालं आणि पोलीस आले, तर त्यांच्या समोर काय असेल? सर्व्हरच्या नोंदीत त्या माणसाचंच नाव, माझ्या केंद्राचा आयपी पत्ता, आणि ड्रॉवरमध्ये माझ्या अक्षरातली वही. मी काय केलं आणि त्यानं काय केलं हे वेगळं करून दाखवायला जगात कुठेही पुरावा नाही. मला वाचवणारा नाही आणि मला अडकवणाराही नाही. माझ्या जागी एखादा खरंच लबाड असता, तर त्यालाही हेच अभय मिळालं असतं.

म्हणून सिंगल लॉगिनचा विषय कुठंही निघाला की मी कान देऊन ऐकतो. आणि ऐकताना असं वाटतं की तुम्ही ते ज्या माणसासाठी बनवताय, त्याच्याकडे स्वतःचा फोन आहे, स्वतःचा नंबर आहे, स्वतःचा कॉम्प्युटर आहे आणि फॉर्म तो स्वतः भरतो. तो माणूस माझ्या काउंटरवर येत नाही. जे येतात त्यांच्याबद्दल सांगतो.

तत्त्व मला पटतं, हे आधी स्पष्ट करतो. आमच्याकडे ज्यांना मी हे समजावतो त्यांना दाखल्याचं उदाहरण देतो. कॉलेज तुमचं उत्पन्न स्वतः मोजत नाही. तुमच्या रानात येऊन ऊस किती निघाला हे प्राचार्य बघत नाहीत. चौकशी महसूल खातं करतं, दाखला तहसीलदार देतात, त्यावर सही असते, क्रमांक असतो, मुदत असते, आणि कॉलेज त्या सहीवर विश्वास ठेवतं. सिंगल लॉगिन हेच करतं. ओळख पटवणारं ठिकाण एक. तिथं तुमची खात्री झाली की ते एक छोटा डिजिटल दाखला देतं, सही केलेला, काही मिनिटांच्या मुदतीचा. शिष्यवृत्तीचं पोर्टल तो दाखला बघतं आणि आत घेतं. तुमचा पासवर्ड त्या पोर्टलाला दिसतच नाही, त्यामुळे उद्या ते पोर्टल फुटलं तरी चोराला तिथं पासवर्ड सापडत नाही. असे दाखले द्यायचे-घ्यायचे कसे हे ठरवणारं ओऑथ २.० हे मानक २०१२ चं, त्यावर उभं राहिलेलं ओपनआयडी कनेक्ट २०१४ चं. म्हणजे यात नवलाचं काही राहिलेलं नाही.

आपल्याकडे पायाही घातलेला आहे. ४ जुलै २०२२ ला गांधीनगरला डिजिटल इंडिया सप्ताहात केंद्रानं 'मेरी पहचान' हे एकल लॉगिन सुरू केलं. डिजिलॉकर, आणि एनआयसी व सी-डॅक या केंद्राच्या संगणक संस्थांची अनुक्रमे जन परिचय आणि ई-प्रमाण, या तिन्हींपैकी कुठल्याही खात्यानं आत शिरता यावं अशी त्याची मांडणी. सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे. डिजिलॉकर तर २०१५ पासूनचं, आणि गावातली पोरं आता 'डिजिलॉकरनं लॉगिन कर की' असं सहज म्हणतात. ते बटण दिसलं की मला बरं वाटतं. वहीत एक ओळ कमी होते.

पण काही पोर्टलांवर ते बटण दाबून आत गेलं की परत नोंदणीचा फॉर्म समोर येतो: नाव, जन्मतारीख, मोबाईल, आणि खाली 'नवीन पासवर्ड तयार करा'. म्हणजे गावच्या वेशीवर पास काढायचा आणि प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर पुन्हा पावती फाडायची. हे कुणी का बनवलं असेल याचा अंदाज मी टेस्टिंग केलेलं असल्यामुळे करू शकतो. टेंडरमध्ये 'एकल लॉगिनची सोय द्यावी' असं लिहिलेलं असणार, सोय दिली गेली, रकान्यात टिक झाली. जुना रस्ता बंद करा असं कुठं लिहिलेलं नसणार.

आता एक प्रसंग, ज्यामुळे मी हे पत्र लिहायला बसलो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मंगळवार होता, म्हणजे बाजाराचा दिवस. बाहेर बाकावर दहा-बारा जणं, लाइट दोनदा जाऊन आलेली, इन्व्हर्टर पीं-पीं करतोय. एकाच वर्गातल्या दोन मुली आल्या. दोघींना एकाच पोर्टलवर एकच अर्ज भरायचा होता. पहिलीचं मध्यवर्ती लॉगिननं केलं. छान झालं, पासवर्ड एकदाच टाकला, अर्ज गेला, प्रिंट मारली. मी 'लॉगआउट' दाबलं. हिरव्या अक्षरांत आलं, 'आपण यशस्वीरीत्या लॉगआउट झाला आहात.' पहिली उठली, दुसरी बसली. मी पुन्हा तेच बटण दाबलं आणि एकदम आत गेलो. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. मला वाटलं, वा, आज सर्व्हर चांगला चालतोय.

वर उजव्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात, पहिलीचं नाव होतं.

मी दुसरीची माहिती भरत गेलो. मार्क भरले. बँकेच्या रकान्यात आधीचाच खाते क्रमांक दिसला, मला वाटलं मघाचं ब्राउझरनं लक्षात ठेवलंय, म्हणून तो खोडून दुसरीचा टाकला. शेवटच्या पानावर फोटो आला तेव्हा ती मुलगी म्हणाली, "सर, ही तर प्रियंका." अजून एक क्लिक झाली असती तर प्रियंकाची शिष्यवृत्ती हिच्या खात्यात गेली असती, आणि हिचा अर्ज भरलाच गेला नसता. मुदत संपायला दोन दिवस होते.

काय झालं ते तुम्हाला सांगायला नको, पण इतर वाचतील त्यांच्यासाठी सांगतो. सिंगल लॉगिनमध्ये दारं दोन असतात. एक पोर्टलचं आणि एक मध्यवर्ती लॉगिनचं. वाड्यात असते तशी खोली वेगळी आणि दिंडी दरवाजा वेगळा. मी लॉगआउट दाबलं तेव्हा खोलीला कडी लागली. दिंडी दरवाजा सताड उघडाच होता. दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर पोर्टलनं मध्यवर्ती लॉगिनला विचारलं, 'कोण आहे?' ते म्हणालं, 'अहो, मघाच्याच त्या.' चूक कुणाचीच नाही आणि सगळ्यांचीच आहे. घरच्या लॅपटॉपवर हीच गोष्ट सोय ठरते. जिथं दिवसाला चाळीस माणसं एकाच खुर्चीत बसतात तिथं ती अपघात आहे.

उपायही तुमच्याच मानकात लिहिलेला आहे. 'या माणसाची ओळख आत्ता, नव्यानं पटवून दे' असं मध्यवर्ती लॉगिनला सांगायची सोय ओपनआयडी कनेक्टमध्ये पहिल्यापासून आहे. दोन्ही दारं एकदम लावायचीही पद्धत आहे. ती वापरायला एखाद्या इंजिनिअरचे काही दिवस जातील. त्यासोबत अर्ज पाठवायच्या आधीच्या पानावर, बटणाच्या अगदी वर, नाव आणि फोटो तळहाताएवढा दाखवा. आम्ही कोपऱ्यात बघत नाही. वर उजव्या कोपऱ्यात काय असतं हे रांगेकडे लक्ष ठेवणाऱ्याला कधीच कळत नाही.

त्या दिवसापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकानंतर ब्राउझर पूर्ण बंद करतो आणि मागचं काही लक्षात न ठेवणारी खासगी विंडो उघडतो. प्रत्येकामागे एखादा मिनिट जातो. चाळीस माणसं धरा.

दुसरी गोष्ट मोबाईल नंबरची. तुमचं एकच लॉगिन शेवटी एका ओटीपीवर येऊन उभं राहतं, आणि ओटीपी येतो नंबरवर. मग विचारायला हवं की नंबर कुणाचा? वर सांगितलेल्या घरात वडिलांच्या आधारला मोठ्या मुलाचा नंबर आहे. तो चाकणला. कंपनीच्या गेटवर फोन लॉकरमध्ये ठेवायला लावतात, पहिली पाळी तीनला सुटते. म्हणजे वडिलांना सातबारा हवा असेल तर तीननंतर या. तीनला फोन लागतो, पोरगा बसमध्ये असतो, रेंज जाते-येते, तो आकडे वाचतो, "चार, सात, सात... हॅलो... हॅलो..." आणि इकडे घड्याळ उलटं धावत असतं. तिसऱ्या वेळी पान म्हणतं, 'आपण मर्यादा ओलांडली आहे, चोवीस तासांनी प्रयत्न करा.' वडील पिशवी उचलून निघतात. ते माझ्यावर रागावत नाहीत, तुमच्यावरही नाही. पोरावर रागावतात.

रिचार्ज न केल्यानं बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनी कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, हा नियमच आहे. आमच्याकडे हंगाम गेला की दोनपैकी एक सिम बंद पडतंच. मग त्या माणसाचा ओटीपी कुठल्या परक्या माणसाच्या फोनवर वाजत असेल, देव जाणे. सतरा लॉगिन सतरा जागी होती तोवर एक दार गेलं तरी सोळा राहायची. एकच लॉगिन झालं की एका बंद सिमबरोबर सगळंच जाणार. त्यामुळे नंबर बदलल्यावर आपली ओळख परत मिळवायचा रस्ता ही तुमच्या आराखड्यातली तळटीप असता कामा नये. आमच्याकडे रोजचं काम तेच आहे.

आणि एक प्रकार असा आहे की तो लिहू की नको असं झालं होतं. एक ताई माहेरी परत आलेल्या आहेत. कोर्टात केस चालू आहे. मुलाच्या शाळेसाठी त्यांना दाखला हवा होता. लॉगिन नवऱ्याच्या नंबरवर, त्यानंच कधीतरी बनवलेलं. मी बटण दाबलं की ओटीपी त्याच्या फोनवर जाणार, आणि बाईनं आज काय काढायला घेतलंय ते त्याला लगेच कळणार. त्या म्हणाल्या, "दादा, थांबा. नका पाठवू." नवीन खातं काढू गेलो तर 'या आधार क्रमांकावर खाते आधीच अस्तित्वात आहे.' शेवटी आधार केंद्राच्या रांगेत उभं राहून नंबर बदलून घेतला, त्यात आठ-दहा दिवस गेले. पोर्टलाच्या लेखी त्या बाई म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा फोन.

नावाचं दुखणं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला माहीत असणारच. मराठी माणसाचं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. कुठल्या कागदावर आडनाव आधी, कुठल्या कागदावर शेवटी. बाईचं लग्न झालं की तीनपैकी दोन शब्द बदलतात, कधी कधी तीनही. इंग्रजीत लिहिताना जगन्नाथमधला एक 'एन' पडतो. मध्यवर्ती लॉगिनकडून आलेलं नाव आणि पोर्टलातलं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे असा हट्ट असेल, तर निम्म्या सासुरवाशिणी बाहेरच राहतात. नाव जुळवत बसण्यापेक्षा ओळखीचा क्रमांक जुळवा आणि नावातला फरक माणसाच्या डोळ्यांपुढे ठेवा, एवढीच विनंती.

आता मुद्द्याचं. नागरिकाला एकच लॉगिन द्या, त्याला माझा विरोध नाही. पण त्यासोबत मला माझं वेगळं लॉगिन द्या, आणि त्या दोघांमध्ये मुखत्यारपत्राची सोय ठेवा.

कोर्टकचेरीत ही गोष्ट आपल्याकडे किती जुनी आहे. मुंबईला राहणारा भाऊ गावच्या भावाला मुखत्यारपत्र करून देतो. मग सही गावचा भाऊ करतो, पण 'अमुक यांचे मुखत्यार' म्हणून करतो. तो मुंबईवाल्याची सही गिरवत नाही. मी मात्र अकरा वर्षं रोज गिरवतोय. गुन्हा करायचा म्हणून नाही. तुमच्या पानावर 'मी यांच्या वतीने भरत आहे' असं म्हणायला जागाच नाही म्हणून.

हे होऊ शकतं का? फ्रान्समध्ये झालेलं आहे. तिथं फ्रान्स-कनेक्ट हे सरकारी एकल लॉगिन २०१६ पासून आहे. काही वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की म्हातारी माणसं, परदेशातून आलेली माणसं, ज्यांना कॉम्प्युटर जमत नाही ती समाजसेवकांकडे जातात, आणि समाजसेवक त्यांचे पासवर्ड सांभाळत बसतात. म्हणजे माझीच वही, फ्रेंचमध्ये. मग त्यांनी एदाँ-कनेक्ट नावाची सेवा काढली. मदतनीस स्वतःच्या नावानं आत येतो. शेजारी बसलेला माणूस एकदाच आपली ओळख पटवतो आणि मुखत्यारपत्र देतो: कुठल्या प्रकारच्या कामांसाठी, आणि किती दिवसांसाठी, एका दिवसापासून वर्षापर्यंत. मग मदतनीस तेवढंच काम करू शकतो, आणि कोणी कोणाच्या वतीनं काय केलं याची नोंद राहते. डेन्मार्कमध्येही आपल्या माणसाला डिजिटल मुखत्यारपत्र देता येतं.

आपल्याकडे हे आणखी सोपं असायला हवं, कारण केंद्रचालकांची नोंदणी सरकारकडे आधीच झालेली आहे. आमचे परवाने आहेत, आमचे अंगठे तुमच्याकडे आहेत, आमच्या दारावर क्रमांकाची पाटी आहे. समोरच्या आजीकडे फोन नसेल तर अंगठ्याचं मशीन माझ्या टेबलावर आहेच. आजीनं अंगठा लावावा, मशीननं मराठीत मोठ्यानं वाचून दाखवावं, 'उत्पन्नाच्या दाखल्यासाठी या केंद्राला आज संध्याकाळपर्यंत परवानगी देत आहात, बरोबर?' आणि आजीनं हो म्हणावं. संध्याकाळी परवानगी आपोआप संपावी. महिन्यानं तिचा नातू दिवाळीला आला तर त्याला दिसावं की आजीच्या नावानं कुठल्या केंद्रावर, कुठल्या तारखेला, काय काय झालं. त्यात माझं नाव दिसलं तर मला आनंदच आहे. आज ते कुठंच दिसत नाही याची काळजी वाटते. (अंगठा लागत नाही, रेषा झिजल्यात, ही अडचण वेगळी. उसाला जाणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या हातांसाठी डोळ्यांचा किंवा चेहऱ्याचा पर्याय ठेवावाच लागेल.)

एकच किल्ली केली तर ती चोरीला जाण्याचं काय, असं आमच्या हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक मला नेहमी विचारतात. बरोबरच विचारतात. २०१८ च्या सप्टेंबरात फेसबुकमध्ये हेच झालं. चोरांनी पासवर्ड पळवलेच नाहीत, मघाशी म्हटलेले ते डिजिटल दाखले पळवले. आधी पाच कोटी खात्यांचा आकडा आला, पुढं तो तीन कोटींवर आणला. ज्यांचा दाखला चोरांच्या हाती होता, त्यांचा पासवर्ड कितीही अवघड असता तरी काही उपयोग नव्हता. आणि इतर ज्या साइटवर लोक 'फेसबुकनं लॉगिन' करत होते, त्यांच्याही पोटात गोळा आला. सरकारी लॉगिनमागे तर जमीन आहे, जात आहे, पीएफ आहे.

पण एस्टोनियाचंही बघा. जेमतेम तेरा लाखांचा देश, तिथलं डिजिटल ओळखपत्र २००२ पासूनचं. २०१७ मध्ये त्यांच्या कार्डांतल्या चिपमध्ये दोष सापडला, साडेसात लाखांवर कार्डं त्यात सापडली. त्यांनी लपवलं नाही. पंतप्रधानांनी लोकांना सांगितलं, नोव्हेंबरात त्या कार्डांवरची डिजिटल प्रमाणपत्रं थांबवली, आणि घरबसल्या नवी करून घ्यायची सोय दिली. कुलूप कधीतरी बिघडणारच. त्या दिवशी गावाला कोण सांगणार आणि आजचं काम कसं चालणार, हे आधीच लिहून ठेवलेलं हवं. आमच्याकडे सर्व्हर बंद असला तर मी लोकांना सांगतो, 'साइट चालत नाही.' का चालत नाही, कधी चालेल, हे मला कुणीच सांगत नाही. सतरापैकी एक बंद पडलं तर मी दुसरं काम काढतो. एकच झालं आणि तेच बंद पडलं, तर मी शटर ओढून चहाला जाईन, पण अर्जाच्या शेवटच्या तारखेला चहाला जाता येत नाही. मध्यवर्ती लॉगिन जितके तास बंद, तितकी मुदत आपोआप पुढे गेली पाहिजे. माणसाला त्यासाठी अर्ज करावा लागता कामा नये.

मुख्याध्यापक सरांचा दुसरा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो. ते म्हणतात, "सगळी दारं एकाच पहारेकऱ्याकडे दिलीस, तर तू कुठं कुठं जातोस हे त्याला कळणार." ते खरं आहे. दवाखान्याची योजना, कर्जमाफी, कोर्टाचं काम, सगळ्याची यादी एका जागी. त्यावर अर्धं उत्तर आहे: मध्यवर्ती लॉगिननं प्रत्येक पोर्टलला त्या माणसाचा वेगळा क्रमांक द्यावा, म्हणजे दोन सरकारी खाती आपापल्या याद्या मांडीवर घेऊन जुळवत बसू शकणार नाहीत. आधारमध्ये याच्या जवळपासचा विचार झालेला आहे, २०१८ मध्ये सोळा आकडी व्हीआयडी आला तो त्यासाठीच, खरा क्रमांक द्यावा लागू नये म्हणून. माझ्या काउंटरवर इतक्या वर्षांत एकही माणूस व्हीआयडी घेऊन आलेला नाही. ते माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडलंत तर होणार नाही, ते मशीननं मागच्या मागे केलं पाहिजे. आणि पहारेकऱ्यानं आपली वही किती दिवसांनी फाडायची, तेही ठरवा. माझी दोन वर्षांपूर्वीची वही माळ्यावर आहे म्हणून मला झोप लागत नाही. तुमचे माळे फार मोठे आहेत.

यात माझा धंदा बुडेल असं काही मित्र म्हणतात. 'पासवर्ड विसरलो' एवढ्यावर माझे रोज पन्नास-साठ रुपये सुटतात, हे मी नाकारत नाही. जून-जुलैत जास्त. ते बंद झाले तर चालतील. फॉर्म भरायला माणसं येतीलच, कारण त्यांना पासवर्ड टाकता येत नाही म्हणून ती येत नाहीत. 'क्षेत्र हे. आर. मध्ये लिहा' म्हणजे काय हे कळत नाही म्हणून येतात. तो दुसऱ्या पत्राचा विषय होईल.

तुमच्यापैकी कुणी हे लॉगिनचं पान बनवायला घेणार असेल तर त्यांनी आधी एक दिवस आमच्याकडे यावं. शक्यतो मंगळवारी. खुर्ची देतो, काउंटरच्या माझ्या बाजूची. सोबत लॅपटॉप आणू नका, आमचाच कॉम्प्युटर वापरा, एका हातानं अंगठ्याचं मशीन धरा आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला लावून चाकणहून येणारे आकडे लिहून घ्या. ड्रॉवरची किल्ली मी तुम्हाला देईन. वही बघा, हवी तितकी पानं चाळा. नंतर ती कशी नष्ट करायची एवढं मला सांगून जा, आणि माळ्यावरच्या दोन्हींचंही.

कळावे,

आपला,
एक केंद्रचालक,
जि. सोलापूर